कामकऱ्याची विज्ञानपरीक्षा



दहावीच्या विज्ञानाची उजळणी हा काही वसंत व्याख्यानमालेत बोलावयाचा विषय नव्हे, असे आपणांपैकी पुष्कळांना वाटले असेल. पदार्थविज्ञान, रसायन आणि जीवशास्त्र यांची टिपणे, मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका, ‘आकृती काढून भागांना नावे द्या’, ‘शास्त्रीय कारणे लिहा’, हे सारे घराघरांतून दर फेब्रुवारीत चालते आणि परीक्षा संपली की रद्दीत जाते. त्याला इतिहास तो कसला असणार? परंतु इतिहास आहे, आणि तो शाळेच्या बाकावरून सुरू होत नाही. इंग्लंडात सरकारने देशभर विज्ञानाची परीक्षा मांडली ती दिवसभर राबून रात्री वर्गाला येणाऱ्या माणसांसाठी. मी तीसेक वर्षे कामगार संघटनेचे काम करीत आलो. शाळा लवकर सुटली. पुढे जे काही शिकलो ते संघटनेच्या कचेरीत आणि नगर वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा या इतिहासाविषयी मला ममत्व आहे, हे आरंभीच सांगून टाकतो. ममत्वाने तराजू थोडा झुकतो. तो आपण सावरून घ्यावा.

परीक्षा निघण्यापूर्वी उजळणी कशी होत असे, हे आधी पाहू. मायकेल फॅराडे हा लोहाराचा मुलगा. १८०५ साली लंडनमध्ये जॉर्ज रीबो या पुस्तकबांधणीकाराच्या दुकानात तो सात वर्षांच्या उमेदवारीवर लागला. बांधावयास आलेली पुस्तके तो वाचू लागला. जेन मार्सेट या बाईंनी संवादरूपाने लिहिलेले रसायनाचे पुस्तक आणि विश्वकोशातील विजेवरचा लेख, ही त्याची पाठ्यपुस्तके. १८१० मध्ये टेटम नावाच्या गृहस्थांकडे रात्री होणाऱ्या विज्ञानाच्या व्याख्यानांना तो जाऊ लागला. एका व्याख्यानाला एक शिलिंग पडे, आणि ते त्याचा थोरला भाऊ आपल्या लोहारकामाच्या कमाईतून भरीत असे. शिकणाऱ्याच्या मागे असा एक न शिकलेला भाऊ बहुतेक वेळा असतोच. इतिहासात त्याचे नाव क्वचित येते, म्हणून सांगतो: त्याचे नाव रॉबर्ट.

फॅराडेची रीत अशी की व्याख्यान ऐकताना मोजके शब्द टिपावयाचे, घरी आल्यावर त्या शब्दांवरून सबंध व्याख्यान पुन्हा लिहावयाचे, उपकरणांच्या आकृत्या काढावयाच्या, आणि मग जमेल तो प्रयोग स्वतः करून पाहावयाचा. १८१२ च्या जुलैत त्याने आपल्या मित्रास पत्र लिहून मोठ्या उत्साहाने कळविले की त्याने विद्युत्घट बनविला आहे. साहित्य काय? तांब्याची सात अर्ध्या पेनीची नाणी, तेवढ्याच आकाराच्या जस्ताच्या सात चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजविलेले कागदाचे सहा तुकडे. एवढ्यावर त्याने एप्सम मिठाचे विघटन करून दाखविले. त्याच वर्षी त्याने हम्फ्री डेव्ही यांची चार व्याख्याने ऐकली, ती विस्ताराने लिहून काढली, स्वतःच्या हाताने बांधली आणि ते बाड डेव्हींकडे पाठविले. १८१३ च्या मार्चमध्ये तो त्यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून रुजू झाला. त्याला प्रमाणपत्र कोणी विचारले नाही, कारण ते अस्तित्वातच नव्हते. त्या उजळणीच्या वहीनेच ते काम केले.

पण फॅराडे एखादाच निघतो. हजारो कारागिरांचे काय करावयाचे? १८२३ साली लंडनमध्ये कारागिरांची ज्ञानसंस्था निघाली, डॉ. जॉर्ज बर्कबेक तिचे प्रमुख. तिची कल्पना मांडणाऱ्यांत टॉमस हॉजस्किन हा एक होता, आणि त्याचे म्हणणे असे की कामकऱ्यांच्या शिक्षणाचा खर्च कामकऱ्यांनीच उचलावा, म्हणजे काय शिकवावयाचे हेही त्यांनाच ठरविता येईल. फ्रान्सिस प्लेस यांनी मात्र श्रीमंतांकडून देणग्या गोळा केल्या. संस्था उभी राहिली, तिच्यासारख्या अनेक गावोगाव निघाल्या, आणि हळूहळू त्यांत कारागिरांपेक्षा कारकुनांची गर्दी वाढली. वर्गणी ज्याची त्याचा कारभार, हे संघटनेत काम करणाऱ्याला सांगावे लागत नाही.

आता परीक्षा. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात इंग्रजांना परदेशी माल पाहून थोडी धास्ती वाटू लागली होती. १८५३ साली सरकारने विज्ञान आणि कला खाते उघडले, आणि १८५९ मध्ये त्या खात्याने एक योजना काढली. गावोगाव कोणीही पात्र शिक्षकाने रात्रीचा विज्ञानवर्ग चालवावा. मे महिन्यात खाते लंडनहून प्रश्नपत्रिका पाठवील. कामकरी वर्गातील जितके विद्यार्थी उत्तीर्ण होतील तितक्यांमागे, श्रेणीप्रमाणे, शिक्षकाला ठराविक रक्कम मिळेल. गणित, यंत्रशास्त्र, ध्वनी-प्रकाश-उष्णता, वीज, रसायन, भूगर्भशास्त्र, शरीरशास्त्र, वनस्पतिशास्त्र असे वीसेक विषय पुढे त्यात आले. शाळेचा दाखला नको, वयाची अट नको. खाणीत उतरणारा, गिरणीत राबणारा, दुकानात उभा राहणारा, कोणीही बसावे.

या योजनेची थट्टा करणे सोपे आहे आणि पुढे ती पुष्कळांनी केली. मला मात्र तिच्यातला धीटपणा आधी दिसतो. ज्या देशात विद्यापीठाचे दार वंश आणि पैसा पाहून उघडत होते, तेथे एका सरकारी खात्याने सांगितले की आम्ही फक्त उत्तरपत्रिका पाहू.

दोष कोठे होता, तो मी माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. यंत्रमागावर मजुरी मीटरवर असते. कापड जितके निघेल तितके पैसे. अशा वेळी धागा तुटला तर माग थांबवून दुरुस्त करणारा विणकर स्वतःच्या पोटावर पाय देतो. तो नजर चुकवून पुढे जातो, आणि दोष कापडात राहतो. यात विणकराचे मन वाईट असते असे नाही, मजुरीची रीत त्याला तसे करावयास लावते. १८५९ च्या योजनेने शिक्षकाला मीटरवर लावले. प्रयोगाला वेळ लागतो, काच फुटते, आम्ल संपते, आणि प्रश्नपत्रिका तर कागदावरच सोडवावयाची. मग प्राणवायू तयार करून दाखविण्यापेक्षा तो तयार करण्याची रीत पाठ करून घेणे स्वस्त पडले. १८६२ पासून हीच निकालावर पैसे देण्याची पद्धत तेथील प्राथमिक शाळांनाही लागू झाली, आणि आपल्या मुंबई इलाख्यातही शाळांचे अनुदान त्या काळात याच तत्त्वावर बेतले गेले. पाठांतर हा आपल्या मातीचाच दोष आहे असे जे म्हणतात, त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की त्यातला काही भाग बोटीतून आला आहे.

या खात्याच्या परीक्षकांत एक माणूस असा होता की ज्याला हा दोष पुरता कळत होता. टॉमस हेन्री हक्सली. त्याचे स्वतःचे शालेय शिक्षण जेमतेम दोन वर्षांचे. डार्विनचा कैवारी म्हणून तो प्रसिद्ध आहे. माझ्या लेखी त्याचे दुसरे काम तितकेच मोठे. १८५५ पासून तो लंडनच्या खाणविद्यालयात केवळ कामकऱ्यांसाठी रात्री व्याख्याने देत असे.

१८६८ साली नॉर्विच गावात तेथील कामकऱ्यांपुढे त्याने खडूच्या एका तुकड्यावर व्याख्यान दिले. नॉर्विच गावच खडूच्या थरावर वसलेले आहे. सुताराच्या खिशात असतो तो हा खडू. तो तापविला तर कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुना उरतो, हे झाले रसायन. त्याची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर असंख्य चिमुकल्या कवचांचा खच दिसतो, हे झाले जीवशास्त्र. १८५७ मध्ये समुद्राखालून तारायंत्राची दोरी टाकावयाची म्हणून अटलांटिकच्या तळाचा ठाव घेतला गेला; वर आलेल्या गाळात तशीच कवचे सापडली. म्हणजे नॉर्विचच्या पायाखालची जमीन हा एके काळचा समुद्रतळ. तो वर कसा आला, किती काळात आला, या प्रश्नांच्या वाटेने हक्सलीने त्या सुतार-गवंड्यांना पृथ्वीच्या वयापर्यंत आणि प्राणिजातींच्या बदलापर्यंत नेले. तीन विषय तीन वह्यांत वेगळे ठेवावयाचे, ही सोय वेळापत्रकाची आहे. खडूला तिची खबर नाही.

जाता जाता सांगतो, आपल्या फळ्यावरचा आजचा खडू बहुधा जिप्समचा असतो. त्यावर लिंबू पिळून काही होणार नाही. पण घरातल्या शहाबादी फरशीचा तुकडा खरवडून त्या भुकटीवर लिंबू पिळावे. ती फसफसते. ती चुनखडी आहे. फरशीला आम्ल लावू नये, हे आपला गवंडी शाळेत न जाताच जाणतो.

हक्सलीने दुसरे एक काम केले. १८७१ च्या उन्हाळ्यात त्याने खात्याच्या विज्ञानशिक्षकांना लंडनला बोलावून घेतले आणि त्यांच्या हाती सूक्ष्मदर्शक व चिमटे दिले. जे जीवशास्त्र ते वर्षानुवर्षे शिकवीत आले होते, त्यातले पुष्कळसे त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. त्यातून १८७५ मध्ये प्रात्यक्षिक जीवशास्त्राचे पुस्तक निघाले. यीस्ट, अमीबा, नेचा, हायड्रा, शिंपला, बेडूक अशी मोजकी उदाहरणे घ्यावयाची, पण ती कसून पाहावयाची, असा त्याचा क्रम होता. आपल्यापैकी ज्यांनी महाविद्यालयात मेणाच्या ताटलीत बेडूक टाचला असेल, त्यांना तो बेडूक याच परंपरेतून मिळाला. आता आपल्याकडे ती प्रथा जवळजवळ बंद झाली, आणि बेडकांच्या दृष्टीने ते बरेच झाले. हक्सलीने परीक्षांविषयी आपली तक्रार उघड मांडली होती. मुले जाणण्यासाठी अभ्यास न करता उत्तीर्ण होण्यासाठी करतात, आणि मग उत्तीर्ण होतात पण जाणत नाहीत, असा तिचा आशय होता.

या यंत्रातून निघालेला सर्वांत प्रसिद्ध विद्यार्थी म्हणजे एच. जी. वेल्स. ‘टाइम मशीन’ या कादंबरीचा लेखक म्हणून आपण त्याला ओळखतो. त्याचा जन्म १८६६ चा. बाप ब्रॉम्ली गावचा न चालणारा दुकानदार आणि धंदेवाईक क्रिकेटपटू. १८६२ साली त्याने केंट परगण्याकडून ओळीने चार चेंडूंवर चार गडी बाद केले होते, पण अशा पराक्रमावर संसार चालत नाही. आई एका जमीनदाराच्या वाड्यावर कारभारीण झाली आणि मुलगा कापडदुकानात उमेदवार. १८८१ पासून दोन वर्षे त्याने साउथसी येथील दुकानात दिवसाकाठी सुमारे तेरा तास कापडाच्या गठ्ठ्यांत काढली. एका रविवारी तो सतरा मैल चालत आईकडे गेला आणि म्हणाला, मी तेथे राहणार नाही. उमेदवारीचा करारनामा मोडणे म्हणजे काय, हे ज्याने हप्त्याने पैसे भरून मुलाला कामाला लावले त्यालाच कळेल. आईने शेवटी मान्य केले.

मिडहर्स्ट गावच्या शाळेचे मुख्याध्यापक बायट यांनी त्याला शिकता शिकता शिकविण्याच्या नोकरीवर घेतले. पुढचा प्रकार गमतीचा आहे. बायट यांनी खात्याकडे रात्रीचे अनेक विज्ञानवर्ग नोंदविले. हे वर्ग कागदावरच होते. प्रत्यक्षात एकटा वेल्स पाठ्यपुस्तके घेऊन बसे आणि मुख्याध्यापक शेजारी आपली पत्रे लिहीत. मे महिन्यात वेल्स एकामागून एक परीक्षांना बसला आणि वरच्या श्रेणीत उत्तीर्ण होत गेला. पैसे बायट यांना मिळाले. ही खात्याची फसवणूक होती काय? हिशेब तपासनिसाच्या दृष्टीने होती. पण त्या फसवणुकीतच एक सतरा वर्षांचा मुलगा पुस्तकांतून का होईना भूगर्भशास्त्र आणि शरीरशास्त्र शिकला. निकाल पाहून खात्यानेच त्याला लंडनच्या विज्ञानविद्यालयात मोफत जागा आणि आठवड्याला एक गिनी निर्वाहवेतन देऊ केले. १८८४ च्या शरदात तो तेथे गेला, आणि त्याचा पहिल्या वर्षाचा विषय होता जीवशास्त्र, अध्यापक हक्सली.

हक्सली तेव्हा थकलेला, आजारी होता, आणि वर्ष पुरे होण्यापूर्वीच त्याला शिकविणे थांबवावे लागले. तरी ते वर्ष वेल्स जन्मभर विसरला नाही. पुढे पदार्थविज्ञान त्याला रुक्ष गेले, भूगर्भशास्त्रात तर १८८७ मध्ये तो अखेरच्या परीक्षेत नापास झाला. जो विषय पुस्तकावरून पाठ करून त्याने आधी बक्षिसासारखा जिंकला होता, त्याच विषयात तो पडला, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. मग खेड्यातल्या शाळेत नोकरी, खेळताना मूत्रपिंडाला झालेली दुखापत, दुखणे. १८९० साली त्याने लंडन विद्यापीठाची बी.एस्सी. बाहेरून दिली आणि प्राणिशास्त्रात पहिला वर्ग मिळविला.

त्यानंतर त्याने पोटासाठी काय केले? विल्यम ब्रिग्ज यांच्या पत्रद्वारा शिकविणाऱ्या संस्थेत तो मुलांकडून परीक्षेची तयारी करवून घेऊ लागला. ब्रिग्ज हे हुशार गृहस्थ. जुन्या प्रश्नपत्रिका जमवाव्या, कोणता प्रश्न किती वेळा आला ते पाहावे, त्याबरहुकूम धडे आणि सरावाची उत्तरे ठरवावी, ही त्यांची रीत. आपल्याकडचे ‘अपेक्षित प्रश्नसंच’ हे त्या कल्पनेचे नातलगच. वेल्सचे पहिले पुस्तक कादंबरी नसून याच संस्थेसाठी १८९३ मध्ये लिहिलेले जीवशास्त्राचे पाठ्यपुस्तक आहे. पहिल्या भागात ससा, बेडूक, डॉगफिश आणि अँफिऑक्सस. आकृत्या त्याने स्वतः काढल्या होत्या, त्या फारशा चांगल्या नव्हत्या; पुढच्या आवृत्तीसाठी त्या त्याच्या एका विद्यार्थिनीने नव्याने काढल्या, आणि पुढे तिच्याशीच त्याने लग्न केले. त्याच वेल्सने १९०० साली ‘लव्ह अँड मिस्टर ल्यूइशॅम’ ही कादंबरी लिहिली. तिच्यातला तरुण शिक्षक भिंतीवर एक आराखडा चिकटवितो: पहाटे उठावयाचे, कोणत्या वर्षी कोणती परीक्षा, कोणते पदक. शेवटी तोच तो कागद फाडतो. दहावीच्या प्रत्येक घरात तो आराखडा आज भिंतीवर असेल.

निकालावर पैसे देण्याची ती रीत १८९० नंतरच्या दशकात ओसरत गेली आणि १८९९ च्या कायद्याने ते खातेही नव्या शिक्षण मंडळात मिळून गेले. मधल्या काळात हेन्री आर्मस्ट्राँग या रसायनज्ञाने उलट टोक गाठले. मुलांना काहीच सांगू नये, लोखंड का गंजते आणि खडू तापविल्यावर हलका का होतो हे त्यांनी स्वतः वजन करून शोधावे, असा त्याचा आग्रह. तत्त्व उत्तम. पण ज्याच्यापाशी रात्रीचे दोनच तास आहेत त्याने सगळेच नव्याने शोधावे म्हणणे, हेही पोट भरलेल्याचे बोलणे आहे. कामकऱ्याला पुस्तक लागतेच, परीक्षाही लागते.

आपल्याकडे हे कोणी ओळखले होते, तर जोतीराव फुल्यांनी. स्वतःच्या घरी १८५५ मध्ये शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा चालविणारा हा माणूस १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देतो, आणि त्यात प्राथमिक शिक्षणाच्या मागणीबरोबर दोन गोष्टी सांगतो, ज्या फारशा उद्धृत होत नाहीत. एक, मॅट्रिकच्या परीक्षेने शिक्षक-विद्यार्थ्यांचे सारे लक्ष खाऊन टाकले आहे आणि शिकविण्यात व्यवहारोपयोगी असे काही नाही. दुसरी, प्रवेशपरीक्षेला मुंबई विद्यापीठ खाजगी अभ्यास करणाऱ्यांस बसू देते, तीच सवलत वरच्या पदव्यांनाही द्यावी. म्हणजे ज्या परीक्षेवर टीका करावयाची, तिचेच दार अधिक उघडा म्हणावयाचे. यात विसंगती आहे असे मला वाटत नाही. लंडन विद्यापीठाने १८५८ मध्ये ते दार उघडले होते म्हणूनच नापास झालेला वेल्स बत्तीस वर्षांनी त्यातून आत जाऊ शकला. मुंबईत १९११ साली ना. म. जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली आणि गिरणगावात रात्रीच्या शाळा चालविल्या. नऊ वर्षांनी कामगारांची अखिल भारतीय संघटना उभारण्यातही तेच पुढे होते. एकाच माणसाने ही दोन्ही कामे हाती घ्यावी हा योगायोग नाही.

आज ते दार म्हणजे आपला १७ नंबरचा फॉर्म. शाळा सुटलेली पोरे, लग्न झालेल्या मुली तो भरून बाहेरून दहावीला बसतात. आमच्या कचेरीत यंदा जानेवारीपासून रात्री साडेआठनंतर अशी पाच-सहा मंडळी जमत होती. एकीने शहाबादी फरशीचा प्रयोग केला, आणि निघणारा वायू कार्बन डायऑक्साइडच कशावरून, असे विचारले. पुस्तकात उत्तर होते: चुन्याची निवळी दुधाळ होते. पण निवळी कोणी पाहिली नव्हती. तेव्हा कोपऱ्यावरच्या पानपट्टीवरून खायचा चुना आणला, तो पाण्यात ढवळून रात्रभर ठेवला, सकाळी वरचे स्वच्छ पाणी हळूच बाटलीत ओतून घेतले. रात्री फरशीची भुकटी आणि लिंबाचा रस दुसऱ्या बाटलीत घालून नळी त्या निवळीत सोडली. बुडबुडे फार थोडे आले, पण पाणी पांढुरके झाले. मग एकाने निवळी ग्लासात काढून त्यात तोंडाने फुंकर घातली. ती त्याहून लवकर पांढरी झाली, आणि आपल्याही श्वासात तोच वायू आहे का, यावर दहा वाजेपर्यंत बोलणे चालले. हा प्रश्न पेपरात येईल का, असे जाताना त्या बाईंनी विचारले. मी म्हटले, सांगता येत नाही.